तिरप्या पट्ट्यांचा काठ

भैयाजी हिवसे यांनी नोकरीची सगळी वर्षं दुसऱ्यांच्या ओट्यावर उभं राहून काढली. वीज कंपनीत ते मीटर रीडर होते. कोणाचं मीटर जिन्याखाली आहे, कोणाचं तुळशीमागं, कोणाचं कुत्रं चावतं आणि कोणाचं नुसतंच भुंकतं, हे त्यांना अर्ध्या नागपूरचं पाठ होतं. घरात मात्र कोणाच्याच जावं लागलं नाही. आकडा पाहायचा, टिपून घ्यायचा, फाटक लावून पुढं. निवृत्त होऊन सक्करदऱ्याच्या आपल्या घरी बसले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की या घराशीही आपली ओळख ओट्यापुरतीच आहे. साखरेचा डबा कोणता, चादरी कुठं असतात, गॅस संपला की कोणाला फोन करायचा, सगळं पुष्पलताबाईंना ठाऊक. त्यांना ठाऊक आहे म्हटल्यावर भैयाजींना वेगळं ठाऊक असायची गरज कधी पडलीच नव्हती.

पुष्पलताबाई उमरेडकडच्या. माहेरी शेती, घरात बायका पुष्कळ. वावरातलं काम आटपलं की उन्हाळ्यात सगळ्या जणी ओसरीवर गोधडी पसरायच्या आणि चारी बाजूंनी बसून टाके घालायच्या. ती सवय त्या शहरात घेऊन आल्या. गल्लीत कोणाकडं बाळ झालं, कोणाची मुलगी होस्टेलला निघाली, की जुन्या साड्या मागून आणायच्या आणि दुपारभर दिवाणावर पसारा मांडायचा. भैयाजी कामावरून येत तेव्हा पसारा आवरलेला असे. त्यामुळं गोधडी कशी होते हे त्यांनी लग्नाला इतकी वर्षं होऊनही पाहिलेलं नव्हतं. झालेली गोधडी तेवढी ते अंगावर घेत.

गेल्या दिवाळीच्या आधी एका सकाळी चहा गाळता गाळता पुष्पलताबाईंच्या हातातून गाळणी पडली. उचलायला म्हणून त्या वाकल्या, आणि तशाच भिंतीला टेकून खाली बसल्या. भैयाजी पेपर वाचत होते. त्यांनी आतून आवाज ऐकला, पण तो गाळणीचा होता, म्हणून उठले नाहीत. चहाची वाट पाहून आत गेले तेव्हा बायको जमिनीवर होती आणि तिचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं.

दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा त्या पाय ओढत का होईना, पण चालत होत्या. उजवा हात नुसता खांद्याला टांगल्यासारखा राहिला. आणि बोलणं सगळं सांडून गेलं होतं. त्या मुक्या झाल्या असत्या तर भैयाजींनी समजून घेतलं असतं. पण पुष्पलताबाई बोलत होत्या. स्पष्ट बोलत होत्या, खणखणीत आवाजात, आणि भलतंच. पाणी पाहिजे असलं की "शनिवार" म्हणत. पंख्याला "चमचा". शब्द तोंडातून निघाला की तो चुकला हे त्यांचं त्यांनाच कळे. मग चेहरा आधी लाल होई आणि नंतर रडवेला.

सगळ्यात वाईट 'हाव' आणि 'नाही'चं होतं. ते दोन शब्द आपसांत बदलले होते, आणि तेही दरवेळी नाही. जेवायचं का, तर "नाही" म्हणून ताट ओढून घेत. पडायचं का, तर "हाव" म्हणून खुर्चीला धरून बसत. मध्येच एखादे दिवशी दोन्ही शब्द जाग्यावर असत. भैयाजींना आकड्यांची सवय. आकडा बरोबर असतो किंवा मीटर बिघडलेलं असतं. इथं मीटर कधी बिघडतं आणि कधी चालतं, याचाच पत्ता लागेना.

आणखी एक गोष्ट झाली, ती त्यांनी कोणाजवळ बोलून दाखवली नाही. पुष्पलताबाईंनी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. "अजी, ऐकता का" एवढ्यावर संसार झाला होता. आता त्या त्यांना सरळ हाक मारू लागल्या, "भैयाजी." शेजारपाजारच्यांसमोरसुद्धा. एवढे शब्द निसटले आणि हा एक, जो कधी वापरलाच नाही, तो बरोबर सापडला. चुकून येतो का मुद्दाम, हे त्यांना कळेना. विचारावं तर उत्तर हाव-नाहीत येणार.

सीताबर्डीजवळच्या एका दवाखान्यात हिमानी नावाची मुलगी बोलण्याचे व्यायाम शिकवायची. भैयाजी बायकोला ऑटोत घालून तिच्याकडं नेत.

"काका, काकूंना कळतं सगळं," हिमानी म्हणाली. "कपाट उघडतं, पण हात भलत्याच खणात जातो, असं समजा. तुम्ही घाई करू नका. आणि प्रश्न तोंडानं कमी विचारा, हातानं विचारा. दोन वस्तू समोर ठेवायच्या. त्या ज्याला हात लावतील ते खरं."

भैयाजींनी मान डोलावली. घरी येईपर्यंत त्यांना ते पटलेलं होतं. घरी आल्यावर समोर कोणत्या दोन वस्तू ठेवायच्या, हेच कळेना.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी पुष्पलताबाई दिवाणाजवळ गेल्या आणि डाव्या हातानं त्याच्यावर थापा मारू लागल्या. भैयाजींनी गादी बाजूला करून फळी उचलली. आत घोंगड्या होत्या, पाणी भरायचं पितळेचं गुंड होतं, मिनलची जुनी पुस्तकं होती. मिनल ही त्यांची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन प्रताप नगरात राहणारी. भैयाजी एकेक वस्तू काढून दाखवत गेले आणि पुष्पलताबाई मान हलवत गेल्या. शेवटी तळातून एक बोचकं निघालं, तेव्हा त्यांनी ते डाव्या हातानं छातीशी धरलं.

बोचक्यात एक अर्धी गोधडी होती. मधला भाग तयार, साड्यांचे चौकोन जोडलेले, टाकेही घातलेले. बाजू मात्र उघड्या, दोरे लोंबणाऱ्या. आणि सोबत कोरं कापड होतं, गादीच्या खोळीला वापरतात तसं जाड, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, मधून लाल रेघ गेलेलं. दोन्ही बाजूंनी सारखं दिसणारं. भैयाजींनी ते कापड घरात कधी पाहिलं नव्हतं.

"हे कधी आणलं वं? कोणासाठी करून राहिली होती?"

"शनिवार," पुष्पलताबाई म्हणाल्या.

भैयाजींनी पाण्याचा पेला आणला. त्यांनी तो ढकलला. मग कापडाकडं बोट करून म्हणाल्या, "दूध. दूध काप."

दूध काप. भैयाजी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. तिथून वळून पाहिलं तर बायको दोन बोटं उघडमीट करून दाखवत होती. कैची. तेवढं तरी कळलं, म्हणून त्यांना इतकं बरं वाटलं, की कैची कुठं असते हे माहीत नसतानाही त्यांनी ती शोधून काढली.

काठ लावायचा आहे, एवढं त्यांच्या ध्यानात आलं. काठ म्हणजे साडीला असतो तसा, चारी बाजूंनी. त्यांनी कापड जमिनीवर अंथरलं आणि पट्ट्याच्या बाजूनं सरळ कापत गेले. छान कापलं गेलं. पट्टा समोर होताच, रस्ता आखून दिल्यासारखा. चार लांब पट्ट्या झाल्या. त्या त्यांनी गोधडीच्या कडेनं मांडून दाखवल्या.

"असं न?"

"हाव," पुष्पलताबाई म्हणाल्या, आणि एक पट्टी उचलून फेकून दिली.

बाजूच्या सिंधूताईंकडं शिलाई मशीन होतं. पुष्पलताबाईंची त्यांची जुनी मैत्री. दवाखान्याच्या दिवसांत डबा त्यांनीच पोहोचवला होता. भैयाजींनी त्यांना बोलावून आणलं. सिंधूताईंनी गोधडी उलटसुलट पाहिली, पट्ट्या पाहिल्या.

"भाऊजी, बरोबर तं कापलं तुम्ही. काहून डोकं खपवून राहिले? देते मी मशीनवर मारून."

"थे फेकून राहिली न पट्टी."

"बिमारीनं चिडचिड होते माणसाले. लागलेली पाहिली का खूश होऊन जाईल."

भैयाजींना ते बरोबर वाटलं. दुपारी सिंधूताईंनी एका बाजूचा काठ लावून आणला. सुरेख दिसत होता. त्यांनी तो पुष्पलताबाईंच्या मांडीवर ठेवला. पुष्पलताबाईंनी त्याच्यावरून डावा हात फिरवला, शिवण हुडकली, आणि कापड तोंडाशी नेऊन दातानं टाका तोडला. मग ओढून उसवायला सुरुवात केली. सिंधूताई पाहतच राहिल्या.

"राहू दे पुष्पाताई," त्या हळूच म्हणाल्या. "मले वाटलं तुले आवडन." पदर सावरून निघून गेल्या. डोळ्यांत पाणी होतं, ते भैयाजींनी पाहिलं.

तेव्हा त्यांचा तोल गेला. आजारपण सुरू झाल्यापासून ते पहिल्यांदाच ओरडले. "मंग तुले पाह्यजे तरी काय? सरळ लावलं तं फेकते, शिवलं तं फाडते. त्या बाईनं तुह्यासाठी किती केलं, अन् तू तिले रडवून पाठवलं. सांग न एकदा, काय पाह्यजे? सांग."

पुष्पलताबाईंनी तोंड उघडलं. ओठ हलले. बऱ्याच वेळानं शब्द आला, "पायरी." तो ऐकून त्यांनी स्वतःच डोळे मिटून घेतले.

भैयाजी चपला घालून सक्करदऱ्याच्या तलावाकडं गेले. कठड्याला टेकून उभे राहिले. पाण्यावर एक बगळा होता. बायकोवर ओरडलो याची लाज होती, आणि ओरडण्यासारखंच झालं होतं असंही वाटत होतं. सरळ पट्टीत वाईट काय होतं? की पट्टीचा प्रश्नच नव्हता, आणि तिला दुसरंच काही सांगायचं होतं? की तिलाच आता नक्की आठवत नव्हतं, आणि जे आठवत नाही ते करून द्या म्हणून ती हट्ट धरून बसली होती? या शेवटच्या विचारानं ते घाबरले. तसं असेल तर आपण जन्मभर कापत बसू, आणि ती फेकत बसेल.

परत आले तेव्हा पुष्पलताबाई खाली जमिनीवर बसल्या होत्या. खाली बसताना त्यांना नेहमी धरावं लागे. आज कशा बसल्या कोण जाणे. पट्ट्यांच्या कापडाचं एक टोक त्यांनी पायाच्या अंगठ्याखाली दाबलं होतं, आणि डाव्या हातानं कापडाचा कोपरा उचलून तो तिरपा दुमडला होता, रुमालाची त्रिकोणी घडी करतो तसा. दुमडल्या कडेवर बोट ठेवून त्या भैयाजींकडं पाहत होत्या. त्या कडेनं पाहिलं तर सगळे पट्टे झुकलेले दिसत होते, पायऱ्या चढत गेल्यासारखे.

भैयाजी त्यांच्यासमोर खाली बसले. मघाचा 'पायरी' शब्द त्यांना आता ऐकू आला. त्यांनी एक सरळ पट्टी उचलून डावीकडं ठेवली. दुमडलेलं कापड उजवीकडं सरकवलं. हिमानीनं सांगितलं होतं तसं. पुष्पलताबाईंनी दुमडलेल्या कापडावर हात ठेवला आणि उचललाच नाही.

दुसऱ्या दिवशी भैयाजी आधी सिंधूताईंकडं गेले.

"तिरपं पाह्यजे तिले," ते म्हणाले. "काल मलेच समजलं नाही. तुम्ही मनावर नका घेऊ."

सिंधूताईंनी कापड हातात घेऊन तिरपं ताणून पाहिलं. "हे उरेब झालं. झंपराच्या गळ्याले लावतो आपण, तसं. पण उरेब कापड लबाड राहते, भाऊजी. हात लावला का लांबते. आधी मांडून पाहा, मंगच मी मशीनखाली घेईन."

भैयाजींनी मिनलची जुनी मोजपट्टी काढली, पेन्सिलनं तिरप्या रेघा आखल्या आणि कापल्या. सकाळी मोजलेली पट्टी दुपारी जास्त भरली. पुन्हा मोजली, तर आणखी वेगळी. आकडा बदलतो हे त्यांना नवीन नव्हतं, पण तो महिन्यानं बदलायचा आणि त्याचं काही कारण असायचं. इथं पट्टी नुसती खुर्चीवर ठेवली होती. सिंधूताईंनी सांगितलेलं आठवलं, तरी त्यांनी एकदा उठून पंखा बंद करून पाहिला.

चारही पट्ट्या झाल्या. गोधडी दिवाणावर पसरून भैयाजींनी त्या चारी बाजूंनी ठेवल्या, कोपऱ्यांवर तिरप्या दुमडल्या. लांबून पाहिलं. काहीतरी बिघडलं होतं. प्रत्येक कोपऱ्यावर एकीकडचे पट्टे दुमडीच्या सोबतीनं धावत बाहेर जात, आणि दुसरीकडचे येऊन त्या दुमडीवर आडवे आदळत. दोन माणसं एकाच दारातून एकदम निघावी आणि कोणीच कोणाला वाट देऊ नये, तसं.

त्यांनी एक पट्टी फिरवून ठेवली, डावं टोक उजवीकडं. तसंच. वरची खाली नेली, खालची वर. तसंच. सगळ्या सारख्या कापल्या होत्या, एकही चूक नव्हती, आणि म्हणूनच चूक कुठं शोधायची हे कळत नव्हतं. दिवाणाभोवती फिरून फिरून त्यांना गरगरलं. त्यांनी फोटो काढून मिनलला पाठवला.

मिनलचा फोन आला. "बाबा, छान तं दिसून राहिलं. डिझाइन वाटते. तुम्ही एवढं टेन्शन काहून घेऊन राहिले?"

"आईले पटलं पाह्यजे न, म्हणून."

"आईले विचारलं का?"

"विचारलं. 'हाव' म्हणली."

मिनल म्हणाली, "मी रविवारी येतो, बाबा."

पुष्पलताबाई हे सगळं खुर्चीवरून पाहत होत्या. फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "पोळी."

दुपार झालीच होती. भैयाजींनी सकाळची पोळी ताटलीत आणून दिली. पुष्पलताबाईंनी ताटली बाजूला सारली. "पोळी," पुन्हा म्हणाल्या, जरा जोरात. भैयाजींना वाटलं, थंड आहे म्हणून नको. त्यांनी ती गॅसवर गरम करून आणली. "पोळी, पोळी," पुष्पलताबाई म्हणाल्या, आणि आता त्यांचा चेहरा लाल होऊ लागला. भैयाजी ताटली घेऊन उभे. शनिवार म्हणजे पाणी, दूध म्हणजे कापड. मग पोळी म्हणजे काय? दोरा? सुई? त्यांनी एकेक वस्तू आणून समोर ठेवली. सुई, दोरा, मोजपट्टी, चष्मा. दिवाणावर वस्तूंची रांग लागली. पुष्पलताबाईंनी कशालाच हात लावला नाही.

शेवटी त्या उठल्या. खुर्चीला धरून, दिवाणाला धरून दोन पावलं आल्या. ताटलीतली पोळी त्यांनी डाव्या हातानं उचलली आणि उलटी करून ठेवली. पुन्हा उचलली, पुन्हा उलटली. तव्यावर करतात तसं. मग भैयाजींकडं पाहिलं.

भैयाजींनी पोळीकडं पाहिलं, मग पट्टीकडं. एका बाजूची पट्टी उचलून त्यांनी पालथी केली. कापड दोन्ही बाजूंनी सारखंच होतं, म्हणून आजवर त्याला पालथं-उताणं असतं हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. पालथी केली आणि तिचा झोकच बदलला. डावीकडं झुकणारे पट्टे उजवीकडं झुकले. समोरच्या बाजूचीही त्यांनी तशीच उलटली. कोपऱ्यावर पट्ट्याला पट्टा लागला आणि न तुटता पलीकडं निघून गेला.

भैयाजी खाली बसले. "पोळी," ते म्हणाले.

"पोळी," पुष्पलताबाई म्हणाल्या.

या वेळचा शब्द चुकीचा नव्हता, असं त्यांना दिवसभर वाटत राहिलं. पण मग बाकीचे? शनिवारात पाणी कुठं होतं? दुधात कापड कुठून आलं? की तिथंही काही होतं, आणि आपणच समजण्यात कमी पडलो?

संध्याकाळी पुन्हा नीट पाहिलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की चारही कोपरे सारखे नाहीत. दोन कोपऱ्यांत पट्टे दुमड ओलांडून जात होते. उरलेल्या दोनांत ते दुमडीच्या बरोबरीनं बाहेर निघत होते. जुळलेले होते चारही, पण दोन एका तऱ्हेचे, दोन दुसऱ्या. त्यांनी ते कोपरे एकेक करून पुष्पलताबाईंना दाखवले.

"असंच ठेवायचं का? का बदलायचं?"

"नाही," पुष्पलताबाई म्हणाल्या. पण म्हणताना हसल्या.

भैयाजी ते तसंच सिंधूताईंकडं घेऊन गेले. त्यांनी विचारलं, "पुष्पाताई काय म्हणली?"

"नाही म्हणली. पण हसून."

सिंधूताईंनी विचार केला. "हसली न? मंग मारते मी."

त्यांनी मशीन चालवलं. भैयाजी बाजूला बसून पट्टी ताणली जाऊ नये म्हणून हलक्या हातानं धरून राहिले. चौथ्या बाजूला पोहोचेपर्यंत सिंधूताईंनी उसवलेल्या काठाचा विषय काढला नाही, आणि मग एकदमच म्हणाल्या, "तिनं टाका तोडला न, तवा मले राग नाही आला. दातानं तोडला, थे पाहून कसंतरी झालं. किती सुंदर हात होता तिचा."

काठाचे उरलेले हातटाके भैयाजींनी घातले. वाकडे, कुठं लांब, कुठं आखूड. सुईत दोरा ओवायला त्यांना दुपार पुरत नसे. पुष्पलताबाई जवळ बसून बोटानं जागा दाखवत. कधी एखादा टाका उसवायला लावत आणि कधी त्याहून वाईट टाका तसाच राहू देत. त्यात काय नियम होता हे भैयाजींना कधीच कळलं नाही.

गोधडी झाली तेव्हा उन्हं तापायला लागली होती. फोन झाल्यापासून मिनल दर रविवारी येऊ लागली होती, तशी त्या रविवारीही आली. तिनं ती अंगाभोवती घेऊन पाहिली.

"किती मस्त झाली वं आई. माह्यासाठी आहे का?"

"हाव," पुष्पलताबाई म्हणाल्या.

मिनलनं बापाकडं पाहिलं. बापानं खांदे उडवले. दोन वस्तू समोर ठेवायच्या, हे भैयाजींना आठवलं, पण इथं ठेवायच्या कोणत्या? पुष्पलताबाईंनी गोधडी मुलीच्या हातातून ओढली नाही, एवढंच दिसलं. जाताना मिनल ती पिशवीत घालून प्रताप नगरला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्पलताबाई दिवाणाच्या फळीवर थापा मारत होत्या. भैयाजींनी फळी उचलली. त्यांनी आत हात घालून सगळं चाचपलं, घोंगड्या बाहेर काढल्या आणि रडायला लागल्या.

"मिनल घेऊन गेली न थे," भैयाजी म्हणाले. "तूच तं हाव म्हणली."

रडणं थांबेना. भैयाजींनी सिंधूताईंना घरी बसवलं आणि ऑटो करून प्रताप नगरला गेले. वाटेत मुलीला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते. मिनलनं दार उघडलं, बापाचं तोंड पाहिलं आणि विचारलं, "काय झालं?"

"थे गोधडी, बाई. तुही नव्हती वाटते."

मिनलचा चेहरा उतरला. लहानपणापासून गल्लीतल्या सगळ्या पोरींना आईच्या हातची गोधडी मिळालेली तिनं पाहिली होती. तिला मात्र लग्नात दुकानातलं ब्लँकेट मिळालं होतं, कारण त्या वर्षी आईला वेळ झाला नव्हता. हे तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं. आताही बोलली नाही. गोधडी पिशवीत घातली आणि म्हणाली, "चला, मीही येतो."

घरी आल्यावर तिनं गोधडी आईच्या मांडीवर ठेवली. पुष्पलताबाईंचं रडणं थांबलं. त्यांनी गोधडीवरून हात फिरवला, ती बाजूला ठेवली आणि स्वयंपाकघराकडं निघाल्या. तिघंही त्यांच्यामागं गेली. तांदळाच्या डब्याजवळ जाऊन त्या थांबल्या. "माती," त्या म्हणाल्या. "माती, माती." मग देवघराकडं बोट केलं, जिथं हळद-कुंकवाचा करंडा होता.

सिंधूताईंना आधी उमजलं. "अवं मिनल, बस खाली. तुही ओटी भरायची आहे तिले. पोरीले रिकामी पाठवली म्हणून जीव लागून राहिला तिचा."

मिनल पाटावर बसली. पदर नव्हता, ओढणी पसरली. सिंधूताईंनी ताटात तांदूळ, नारळ आणि सुपारी ठेवली. पुष्पलताबाईंनी डाव्या हाताच्या बोटानं मुलीला कुंकू लावलं, ते जरा कपाळाच्या कडेला लागलं. मग त्याच हातानं तांदूळ घ्यायला गेल्या आणि मध्येच थांबल्या. डाव्या हातानं ओटी भरत नाहीत. त्या आपल्या हाताकडं पाहत राहिल्या.

"चालते आई," मिनल म्हणाली. "कोणत्याही हातानं चालते."

पुष्पलताबाईंनी मान हलवली. डाव्या हातानं त्यांनी आपला उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि ताटात ठेवला. बोटं मिटेनात. भैयाजी पुढं झाले. त्यांनी बायकोची ओंजळ खालून धरली, बोटं एकेक करून वाकवली, आणि ती तशीच मुलीच्या ओढणीवर नेली. अर्धे तांदूळ वाटेतच सांडले. राहिलेले ओटीत पडले. मग पुष्पलताबाईंनी मानेनं गोधडी मागितली आणि ती मिनलच्या मांडीवर सरकवली.

मिनलनं ओटी सावरली आणि आईच्या पायांवर डोकं ठेवलं.

सुरुवातीपासून गोधडी मिनलसाठीच होती, की रविवारी तिनं विचारल्यावर तिची झाली, हे भैयाजींना ठरवता आलं नाही. मुलगी गेल्यावर ते खाली बसून सांडलेले तांदूळ गोळा करत होते. पुष्पलताबाई खुर्चीवर होत्या, बऱ्याच दिवसांनी निवांत. त्या बोलू लागल्या. एक लांब वाक्य, आवाजात चढउतार, मध्येच थोडं हसणं, शेवटी जरा बजावल्यासारखं काहीतरी. महत्त्वाचं असावं. त्यात ओळखीचा म्हणावा असा एक शब्द भैयाजींना सापडला नाही.

त्यांनी तांदळाची वाटी खाली ठेवली आणि खुर्चीजवळ सरकले.

"पुन्हा सांग वं," ते म्हणाले. "हळू सांग."